तुझ्या बायोमधल्या झी/झीरबद्दल

बाळा,

परवा फोनवर बोलणं अर्धवट राहिलं म्हणून लिहितेय. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकणार होते पण तिथं एवढं लांबलचक कुणी वाचत नाही, आणि मला हे नीट सांगायचंय.

डिस्कॉर्डवर आणि इन्स्टावर तू बायोत झी/झीर लिहिलंयस, म्हणजे इंग्रजीत तुझ्याबद्दल बोलताना ही किंवा शी नको, झी म्हणा, ते मला पटलंय. तुला काय म्हणायचं हे तुझं तू ठरवलंस, माझी हरकत नाही आणि बाबांची पण नाही, ते फक्त कमी बोलतात. माझं म्हणणं वेगळंच आहे. बायोत लिहिलं म्हणजे काम झालं असं धरून बसू नकोस, ते शब्द लोकांच्या तोंडी यायला पाहिजेत, आणि ते पण तू समोर नसताना. इंग्रजीत समोरासमोर यू म्हटलं की भागतं, ही-शी-झी लागतं ते माणूस तिथं नसलं की. म्हणजे तुझा शब्द कोण पाळतंय हे तुला कधी दिसणारच नाही, ते तुझ्या माघारी मी मावशीशी काय बोलते, तुझी रूममेट तिच्या घरी फोनवर काय सांगते, यावर आहे. म्हणून माझ्यापुरतं सांगून ठेवते की तू इथं नसताना या घरात तुझ्याबद्दल तुला हवं तसंच बोललं जाईल.

काका म्हणाले ना की ही इंटरनेटवरच्या पोरांची नवी थेरं. नवी कसली? अमेरिकेत चार्ल्स कॉन्व्हर्स नावाच्या माणसानं 1884 मध्ये ही आणि शी दोन्हीला चालेल असा थॉन शब्द छापून सुचवला होता. तो 1934 च्या मोठ्या वेबस्टर डिक्शनरीत गेला आणि 1961 च्या आवृत्तीतून बाहेर पण पडला, कारण बोलण्यात तो फारसा आलाच नाही. स्वीडनमध्ये उलटं झालं, तिथं ही-शी दोन्हीच्या जागी चालणारा हेन हा शब्द लोक बोलायला लागले, पेपरात यायला लागला, भांडणं पण भरपूर झाली, आणि 2015 मध्ये स्वीडिश अकादमीनं तो आपल्या शब्दसूचीत घेतला. शब्द आधी लोकांच्या तोंडी यायला लागतो, मला यातलं हेच महत्त्वाचं वाटतं. आणि तू सांगितलंस ते लॅम्डामू, 1990 च्या आसपासचं, नुसत्या अक्षरांवर चालणारं ऑनलाइन जग, तिथं जेंडर निवडायला कितीतरी पर्याय होते, त्यात ही पण नाही आणि शी पण नाही असा स्पिवाक नावाचा एक, आणि एकदा निवडला की सॉफ्टवेअरच वाक्यात तसा शब्द घालायचं. तिथं मशीन ते काम करत होतं, आपल्याकडं ते माणसांनाच करायला लागणार.

आणि मराठीत तर हे इंग्रजीपेक्षा अवघड आहे, हे तुझ्या डिस्कॉर्डच्या ग्रुपमधल्या, म्हणजे सर्व्हरवरच्या, बाहेरच्या लोकांना कळणारच नाही. झीनं सांगितलं, झीला विचार, झीचा फोन, इथपर्यंत मस्त जमतं, पण पुढं आला का आली? क्रियापद अडवतं. तुमच्या ग्रुपमध्ये सगळे 'झी आलंय, झी झोपलंय' असं लिहितात ते मला आवडलं. पण आपल्याकडं तोंडावर बोलताना पण सुटका नाही, आलास का आलीस, जेवलास का जेवलीस. म्हणून मी गेले काही दिवस लक्ष देऊन बोलतेय, तुझ्या लक्षात आलं असेल. तू केलंस, तू खाल्लंस, तू लिहिलंस, यात काही अडत नाही. येशील, जाशील, करशील यात पण नाही, कधी येणार आहेस यात पण नाही. जेवलास-जेवलीस म्हणायच्या ऐवजी मी 'जेवण झालं का' विचारते, पोहोचलास-पोहोचलीसच्या ऐवजी 'पोहोचल्यावर फोन कर'. अरे-अगं सोडलं, बाळा म्हणते. हे सगळं पत्र तसंच लिहिलंय बघ. पहिल्यांदा जीभ अडखळते, मग सवय होते. आणि 'मी'चं म्हणशील तर आपल्या सांगली-कोल्हापूरकडं पोरी पण सर्रास मी आलो, मी जातो म्हणतात, त्यामुळं तू कसं पण बोललं तरी इथं कुणाचे कान टवकारणार नाहीत, पुण्यात हसतात त्यांना हसू दे.

आजीला मात्र झी वगैरे शिकवायला जाऊ नकोस. तिचं आधीपासूनच 'लेकरू आलं का, लेकरू जेवलं का' चाललेलं असतं. दारात लुगडं नेसलेला जोगत्या आला की परडीत पीठमीठ घालताना ती 'या बाई' म्हणते, तिला ते कुणी शिकवलं नाही.

आता स्क्रीनशॉटचं. आपल्या नातेवाइकांतल्या एकानं तुझ्या बायोचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला, खाली हसायच्या इमोजी. मी लिहिलं की ते बरोबर आहे, तसंच म्हणत चला. काकांनी कायदा काढला तर मी त्यांना सुप्रीम कोर्टाचा 15 एप्रिल 2014 चा नाल्साचा, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या खटल्यातला, निकाल पाठवला, पुरुष, स्त्री की तृतीयपंथी हे ज्याचं त्यानं ठरवायचं असं कोर्टानंच म्हटलंय. त्यानंतर ग्रुपवर शांतता आहे. पण मला तुझी काळजी वाटते ती वाटतेच. पब्लिक बायो घरमालक पण उघडतो, इंटर्नशिपवाले पण उघडतात. इन्स्टानं 2021 मध्ये प्रोनाउन्ससाठी, म्हणजे ही-शी-झी सारख्या सर्वनामांसाठी, वेगळी जागा आणली तेव्हा ते फक्त फॉलोअर्सना दाखवायची सोय पण दिली, डिस्कॉर्डवर प्रत्येक सर्व्हरला वेगळं टोपणनाव ठेवता येतं. कुठं लावायचं, कुठं नाही, हे तू ठरव. एखाद्या ठिकाणी लावलं नाही म्हणजे तू खोटं बोललंस असं अजिबात होत नाही.

कुणी चुकून वेगळं म्हटलं तर एकदा सांग, साध्या शब्दात, आणि पुढचं बोलणं चालू ठेव. कुणी मुद्दाम करत असेल तर त्याच्याशी रात्रभर वाद घालून झोप घालवू नकोस, ब्लॉक कर. परीक्षा जवळ आलीये.

गणपतीला तुझ्या सर्व्हरवरचं सोलापूरचं कोण येणार आहे त्यांना आधी विचारून घे की मराठीत त्यांच्याशी कसं बोललेलं चालेल, सगळ्यांना 'आलंय' आवडेलच असं नाही, काहींना ते लहान पोरासारखं वाटेल, मग मी अहो-जाहो करीन. झोपायची सोय वरच्या खोलीत करते. भडंगाचे दोन पुडे कुरियरनं पाठवलेत, एक त्यांच्यासाठी ठेव.

आई