अक्का, छाट काढू न दिल्याबद्दल

ती. अक्कांस,
सादर नमस्कार वि. वि.

पत्र मुद्दाम उघडं लिहितोय. तुमच्या सुनेच्या मोबाइलवर ते येईल आणि गल्लीतल्या चार जणी बसून वाचतील, हे धरूनच चाललोय. कारण एवढंच की मोठ्या मायनस नंबरच्या डोळ्यांत काचबिंदू आहे की नाही ते ओळखायच्या आपल्या कामाचा निबंध इंग्रजीत लिहून झाला, आणि त्यात शेवटी आभाराची जागा आहे तिथे तुमच्या वाट्याला 'क्षेत्रीय कर्मचारी' असे दोन शब्द आलेत. नाव घाला म्हणून मी दोनदा सांगितलं, पण शब्दमर्यादा आडवी आली. (ही शब्दमर्यादा नेमकी आभारापाशीच का आडवी येते, देव जाणे.) निबंध तुम्ही वाचणार नाही. म्हणून हे मराठीत.

तुम्ही पहिल्यांदा मशीनच्या खोलीत आलात तो दिवस मला अजून आठवतो. मे महिना, बाहेर ऊन रटरटतंय, आणि मी एसीत बसून एकेक स्कॅन पुसत होतो. ओसीटीवर, म्हणजे डोळ्याच्या आतल्या थरांचं चित्र काढणाऱ्या यंत्रावर, बसणाऱ्याला ती सवयच लागते. चित्र अंधूक आलं, कडा कापली गेली, की 'खराब' असा शेरा मारायचा आणि पुढचा माणूस बोलवायचा. तुम्ही मागे उभ्या राहून थोडा वेळ बघितलंत आणि विचारलंत, "काय करायलास बाळा? छाट काढायलास?"

मला तेव्हा छाट माहीत नव्हती. तुम्ही सांगितलंत. घरी बसून हजार बिड्या वळायच्या, कारखान्यात नेऊन द्यायच्या, तिथला माणूस त्यातल्या मूठभर बाजूला सारतो. ही वाकडी, ही सैल, ही छाट. तिचे पैसे नाहीत, आणि बिडी परतही मिळत नाही. बावीस वर्षं तुम्ही ते सोसलेलं. मी हसून म्हणालो, अक्का, ही बिडी नाही, यंत्राला डोळा नीट दिसला नाही तर आकडा चुकतो. त्यावर तुम्ही म्हणालात, "ज्याचा डोळा यंत्राला दिसत नाही, त्याच्यासाठीच काम काढलंय म्हणालता ना?"

त्या एका वाक्यावर पुढची तीन वर्षं गेली. हे पत्र बाकीचेही वाचतील, म्हणून ते वाक्य एवढं बरोबर का होतं ते जरा सांगतो. तुम्हाला पाठ आहे, कंटाळू नका.

डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत दहा-बारा लाख तंतू असतात. काचबिंदूत ते हळूहळू मरतात. दुखत नाही, खुपत नाही, आणि मधली नजर शाबूत असते म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. गेलेलं परत येत नाही. मोतीबिंदूसारखं ऑपरेशन करून लख्ख दिसायला लागलं, असं इथे होत नाही. डोळ्यातला दाब २१ च्या आत, म्हणजे नेहमीच्या मर्यादेत असला तरी काचबिंदू होऊ शकतो, त्यामुळे नुसता दाब मोजून भागत नाही. मग नसेच्या तोंडापाशी तंतूंचा थर किती जाड उरलाय ते बघायचं. त्यासाठी ओसीटी. सोनोग्राफी आवाजाने करते ते हे यंत्र प्रकाशाने करतं. १९९१ मध्ये अमेरिकेत ते पहिल्यांदा मांडलं गेलं, आणि आता मिलिमीटरच्या हजाराव्या भागात थर मोजून कागदावर रंग देतं. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे काठावर. लाल म्हणजे त्याच वयाच्या शंभर निरोगी माणसांत एखाद्याचाच थर इतका पातळ असतो.

प्रश्न असा की हे शंभर निरोगी कोण? यंत्राच्या पोटात जी निरोगी माणसांची यादी भरलेली असते, तीत मोठ्या मायनस नंबरची माणसं नसल्यात जमा. यादी करतानाच त्यांना वगळलेलं असतं, कारण त्यांचे डोळे 'नेहमीसारखे' नसतात. थोडक्यात अक्का, कारखान्यातच छाट निघालेली.

नेहमीचा डोळा पुढून मागे २४ मिलिमीटरच्या आसपास असतो. मायनस सहाच्या पुढचा डोळा बहुधा २६ च्या वर जातो. आपल्याकडे तर एक २९ चा होता. मी हे तुम्हाला समजावायला लागलो तेव्हा तुम्ही खांद्यावरचा टॉवेल दोन्ही हातांनी ताणून दाखवलात आणि म्हणालात, धागे तेवढेच, पण वीण विरळ. मी आजवर कॉलेजच्या पोरांना शिकवतो ते याच टॉवेलने. त्यात अजून एक भर घालतो: यंत्र नसेभोवती ठरलेल्या मापाचं वर्तुळ काढून मोजतं, आणि लांब डोळ्यात तेच वर्तुळ डोळ्याच्या आतल्या पडद्यावर मोठं पडतं, नसेपासून लांब जातं. तिथे थर मुळातच पातळ. शिवाय अशा डोळ्यात नसेचं तोंड तिरकं झालेलं असतं, तंतूंचे जाड पट्टे आपली जागा सोडून मधल्या नजरेच्या बाजूला सरकलेले असतात. यंत्र ते नेहमीच्या जागी शोधतं, तिथे सापडत नाहीत, आणि लाल शेरा मारतं. डॉक्टर लोक गमतीने याला 'लाल रोग' म्हणतात. डोळ्याला काही झालेलं नसतं, रोग कागदाला झालेला असतो.

मग लाल कागद फाडून टाकायचा का? तर तेही नाही. ऑस्ट्रेलियातल्या ब्लू माउंटन्स भागातल्या पाहणीने १९९९ मध्येच दाखवलं होतं की मायनस नंबरवाल्यांना काचबिंदू इतरांपेक्षा दोन-तीन पट जास्त आढळतो. म्हणजे ज्यांच्या बाबतीत यंत्र सर्वांत जास्त चुकतं, त्यांनाच धोकाही जास्त. म्हणून तर पुण्याचे, मुंबईचे आणि बाहेरचे डॉक्टर एकत्र आले आणि जागोजागचे स्कॅन गोळा करायचं ठरलं. त्यात सोलापूरही आलं.

या डॉक्टरांबरोबरच्या कॉलवरची ती दुपार आठवतेय? एकाच डोळ्याची चित्रं तिघांनी वेगवेगळी बसून, नाव-गाव न कळता वाचलेली. एक म्हणाला काचबिंदू, दुसरा म्हणाला नाही, तिसरा म्हणाला सांगता येत नाही. पाऊण तास वाद चालला. तुम्ही चहाचे कप उचलायला आत आलात, मला हळूच विचारलंत की भांडण कशाचं आहे, आणि म्हणालात, "मग त्याला परत बोलवा की." मी ते तसंच कॉलवर सांगितलं. सगळे हसले, आणि मग ठरलंही तेच. अशा डोळ्याची तुलना दुसऱ्या कुणाशी करायची नाही, त्याची त्याच्याशीच करायची. दर सहा महिन्यांनी तीच जागा, तेच माप. बदललं तर रोग चालू आहे. नाही बदललं, तर तो डोळा तसाच आहे असं धरून चालायचं, आणि तरीही बघत राहायचं.

सांगायला सोपं. पण ज्याला काही त्रास नाही, त्याने दर सहा महिन्यांनी का यावं? यंत्रमागावर दिवस भरला नाही की पगार नाही. बिडीवालीची दुपार गेली की पाच-सहाशे बिड्या गेल्या. त्यात बाहुली मोठी करायचे थेंब घातले की तीन-चार तास जवळचं धूसर, म्हणजे पान कापता येत नाही की धागा ओवता येत नाही. हे आमच्या कुणाच्याही कागदावर नव्हतं. आम्ही सकाळी दहाची वेळ दिली आणि लोक येत नाहीत म्हणून कपाळाला हात लावला. तुम्ही वेळा बदलायला लावल्यात. बिडी देऊन परतताना बायका येतील, रात्रपाळी सुटली की झोपायच्या आधी सकाळी आठला पुरुष येतील. आणि गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत कुणालाच बोलवायचं नाही. तरीही एकाला तुम्ही गड्ड्यातच गाठलंत, नातवाला पाळण्यात बसवून खाली उभा होता तेव्हा. तो दुसऱ्याच दिवशी आला. म्हणाला, "अक्का देवाच्या दारात बोलली, आता नाही कसं म्हणू?"

संमतीपत्राचं तर तुम्ही सोनं केलंत. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू, चारही भाषांत छापलेलं होतं, पण छापील तेलुगू आपल्या पूर्व भागात किती जण वाचतात? तुम्ही ते बोलीत सांगायचात. आणि आम्ही घाबरत घाबरत जी ओळ शेवटी ठेवली होती, ती तुम्ही पहिली सांगायचात: "यात औषध नाही. तुमचा डोळा यातून सुधारणार नाही. नाव कुठं जाणार नाही, नुसता नंबर जाईल. नको असेल तर आत्ताच नको म्हणा, कुणी रागावणार नाही." मला वाटलं, झालं, आता निम्मे पळणार. झालं उलटंच. काय मिळणार नाही ते आधी सांगणारं कुणी त्यांना बहुधा भेटलंच नव्हतं.

नागपूरजवळच्या खेड्यांत सूरज आय इन्स्टिट्यूटने जर्मनीतल्या डॉक्टरांबरोबर अशीच मोठी पाहणी केली होती, ४७११ माणसांचे डोळे तपासले. तो आकडा मी कितीदा वाचला होता, पण आकड्यापुढेच अडायचो. आता तो दिसला की मनात येतं, त्या खेड्यांत दारोदार जाऊन हाक कोण मारत असेल?

दोघांबद्दल लिहिल्याशिवाय पत्र पुरं होणार नाही. नावं लिहीत नाही, तुम्ही ओळखालच.

पहिले आपले जॉबर, माग दुरुस्त करणारे. मायनस बारा. दुसरीकडे कुठेतरी एका लाल कागदावर त्यांना काचबिंदू ठरवून टाकलेलं, तीन वर्षं रोज रात्री थेंब चालू, आणि डोळे जाणार या भीतीने माग सोडून रखवालदारी धरलेली. आपल्याकडे दर वेळी कागद लालच यायचा, पण पहिला लाल आणि चौथा लाल यांत फरक नव्हता. तरी पेच होताच: थेंबांमुळे थांबलंय की मुळात नव्हतंच? डॉक्टरांनी स्वतःच्या नजरेखाली थेंब बंद केले आणि तारखा जवळजवळच्या दिल्या. (वाचणाऱ्यांनी आपल्या मनाने थेंब बंद करू नयेत, ही माझी हात जोडून विनंती.) त्यानंतरही थर जिथल्या तिथे राहिला. ते परत मागावर गेले. अजून दर तारखेला येतात, तेही वीस मिनिटं आधी.

दुसऱ्या त्या कांड्या भरणाऱ्या बाई. मायनस नऊ, दाब सोळा-सतरा, कागद जॉबरांसारखाच लाल. पहिल्या तीन वेळी काहीच बदल नाही, आणि चौथ्या तारखेला त्या आल्या नाहीत. मी यादीत त्यांच्यापुढे 'संपर्क नाही' लिहून मोकळा झालो. तुम्ही ती यादी बघितलीत. त्या बहिणीकडे अक्कलकोटला गेल्यात हे शोधून काढलंत, आणि दोन आठवड्यांनी त्यांना एसटीतून उतरवून थेट माझ्यासमोर आणून बसवलंत. त्या दिवशी खालच्या बाजूचा थर पातळ झालेला दिसला. फील्डच्या, म्हणजे आजूबाजूची नजर मोजायच्या तपासणीतही नेमका वरचा भाग काळवंडलेला, म्हणजे दोन्ही गोष्टी जुळत होत्या. त्याच संध्याकाळी थेंब सुरू झाले. पुढच्या तारखांना थर तिथेच टिकून आहे.

दोघांचे पहिले कागद मी आजही शेजारी शेजारी ठेवून बघतो. मला फरक सांगता येत नाही. कॉलवरच्या मोठ्या डॉक्टरांनाही सांगता आला नव्हता. फरक सहा-सहा महिन्यांच्या मागे दडलेला होता, आणि ते सहा-सहा महिने तुम्ही आणून दिलेत.

मी पुसत होतो त्या 'खराब' स्कॅनचं पुढे काय झालं, तेही सांगतो. त्या दिवसापासून एकही पुसला नाही. कडा कापली गेली असेल तर का गेली ते लिहायला लागलो: डोळा लांब, पडदा वाकडा, चित्राचा वरचा भाग आरशासारखा उलटा पडलेला. निबंधात आता एक पूर्ण तक्ता आहे, कुठले स्कॅन वाचता आले नाहीत आणि का, याचा. परदेशातल्या एका बाईंनी त्या तक्त्याचं फार कौतुक केलं. मी कॉलवर गप्प बसलो, कारण 'याला आमच्याकडे छाट म्हणतात' हे इंग्रजीत कसं सांगायचं ते सुचेना.

माझ्याकडून तुम्हाला एक गोष्ट द्यायची राहून गेली. तीन वर्षं तुम्ही गावभर लोकांना आणलंत आणि तुमचे डोळे एकदाही तपासले नाहीत. साठी उलटली आहे, आणि थोरल्या भावाला काचबिंदू होता हे तुम्ही मागे बोलता बोलता सांगितलं होतंत. सख्ख्या भावाला असेल तर आपली तपासणी चुकवायची नाही, हे तुम्हीच शंभर जणांना सांगितलंय. येत्या सोमवारी सकाळी आठला या. रांग नाही. थेंब घालणार आहे, तेव्हा सुनेला बरोबर आणा.

आणि हो, यादीतल्या त्रेपन्न नंबरची तारीख पुढच्या महिन्यात आहे. त्यांच्या मुलाचा फोन लागत नाही. नवा नंबर असेल तर येताना घेऊन या.

आपला,
मशीनवरचा बाळ
सोलापूर