जातीचा रकाना वाचला, आता मृत्यूच्या कारणाचाही वाचा

मा. संपादक,

कुणबी नोंदी शोधण्यासाठी 2023 मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि तहसील कचेऱ्यांतली जुनी दप्तरे सुटली. मोडी वाचक बसले, पाने स्कॅन झाली, बरीचशी जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवरही आली. त्यातच गाव नमुना 14, म्हणजे गावची जन्म-मृत्यू नोंदवही आहे. तिच्यातला जातीचा रकाना डोळ्यांत तेल घालून वाचला गेला. त्याच ओळीत मेलेल्या माणसाचे वय आणि मृत्यूचे कारणही आहे. त्याची यादी कुठे झालेली दिसत नाही, याचे फार वाईट वाटते.

आमच्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याचेच पाहा. 1911 च्या जनगणनेत लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या जवळ होती, 1921 मध्ये ती सव्वासात लाखांच्या आसपास उरली. पाचव्या हिश्श्याहून अधिक घट! सगळेच मेले असे नव्हे. 1918 आणि 1920 मध्ये पावसाने दगा दिला, पुष्कळ जण पोट भरायला जिल्ह्याबाहेर गेले. किती गेले आणि किती दगावले, हे जिल्ह्याच्या एका आकड्यातून कसे कळणार? त्यासाठी गावोगावच्या ओळीच मोजाव्या लागतील.

1918 च्या पावसाळ्याअखेर मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ आली. आमच्या गावच्या वहीतली त्या दिवसांची पाने एका मोडी वाचकाने मला वाचून दाखवली. कारण: ताप. खाली पुन्हा ताप. पान उलटले तरी तेच. मेलेली माणसे मात्र विशी-तिशीतली, त्यांत बायका बऱ्याच. एरवी ताप न्यायचा तो तान्ह्या पोरांना आणि म्हाताऱ्यांना. वयाचा रकाना शेजारी धरला की हा ताप कुठला, ते लगेच उमगते.

ही कारणे सांगणारा पोलीस पाटील काही डॉक्टर नव्हता. पटकीचे जुलाब, देवीचे फोड, प्लेगची गाठ त्याला ओळखता येई. हिवताप, विषमज्वर, पुष्कळदा क्षयसुद्धा, हे सगळे 'ताप' म्हणूनच जमा होई आणि सरकारच्या वार्षिक तक्त्यात तापाचा आकडा सर्वांत मोठा दिसे. छापील तक्त्यातून तो सुटा करता येत नाही, मूळ वहीतून थोडाफार येतो. जन्माच्या पानावर बाळाची नोंद आणि आठवड्याभरात त्याच घरातली तरणी बाई तापाने गेलेली, तर ती बहुधा बाळंतरोगाने गेली. अशा किती बायका तापाच्या आकड्यात बुडाल्या असतील!

या वह्या अपुऱ्या आहेत, हे मान्य. प्लेगात गावे ओस पडून लोक रानात झोपड्या घालून राहत. तिथला प्रत्येक मृत्यू वहीत चढला असेल, असे नाही. तान्ह्या मुलींच्या नोंदी तर हमखास गळत. म्हणून एका गावावर न विसंबता शेजारची दहा-वीस गावे ताडून पाहावी लागतील.

शासनाला विनंती एवढीच, की स्कॅन झालेल्या पानांतून मृत्यूची तारीख, वय, स्त्री की पुरुष आणि कारण एवढे उतरवून घ्यावे. नावे वगळली तरी चालतील. मोडी वाचक तयार आहेत, तोवरच हे काम त्यांच्याकडे द्यावे. ही उतरलेली माहिती विद्यापीठांना आणि वैद्यकीय महाविद्यालयांना खुली करावी. जी पाने अजून स्कॅन झालेली नाहीत, ती आधी घ्यावीत. त्यांचा कागद हात लावताच तुटतो आहे.

एक वाचक,
पारनेर, जि. अहिल्यानगर