लस घ्या म्हणून सांगत मी आता वाडीवाडीत फिरणार नाही

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

मी दोडामार्ग तालुक्यातला काजू बागायतदार. आमच्याकडे जंगलातला गोचीड चावून माकडताप होतो. परवा एक साहेब पडवीत येऊन बसले. म्हणाले, ‘माकडतापाची नवी लस येईल. तुमचं लोक ऐकतात, आतापासून मनं तयार करा.’

ऐकत होते, मंत्रीसाहेब. २०१६ साली आमच्या तालुक्यातल्या केर गावात ताप पसरला, त्यानंतर लस आली तेव्हा मीच घरोघर फिरलो. महिन्याच्या अंतरानं दोन इंजेक्शनं, सहा-नऊ महिन्यांनी तिसरं, मग दरवर्षी एक. दंड असा ठणकायचा की काजू काढायची आकडी हातात धरवत नसे. शेजारची काकी म्हणाली, ‘माझो रोज तू देतलंस?’ दिला. तिची बुडालेली मजुरी खिशातून दिली आणि तिला रांगेत उभी केली.

२०२२ मध्ये लस बंद. काय, तर नीट लागू पडत नाही! कर्नाटकातल्या अभ्यासात दोन डोसांनी ६२ टक्के आणि तिसऱ्यानंतर ८३ टक्के संरक्षण मिळतं, असं आलं होतं ना? ते टक्के कुठे गेले, हे सांगायला आमच्या वाडीत एक माणूस फिरकला नाही. काकी मात्र रोज दारावरून जाते. तिला मी काय सांगू?

यंदा मार्चमध्ये धाकटा भाऊ पातेऱ्यात, झाडाखालच्या वाळक्या पानांत, बी वेचायला बसला आणि आठवड्याभरात तापानं फणफणला. रक्ताचा अहवाल नवव्या दिवशी आला. तोवर त्याच्या हिरड्यांतून रक्त येत होतं आणि आम्ही त्याला गाडीत आडवा घालून गोव्याला पोचलो होतो. वाचला. अजून भिंत धरून चालतो. त्याचं ऐकून मजूर बागेत उतरेनात, निम्मी बी झाडाखालीच राहिली. इथे हत्तीनं माड पाडला तर निदान पंचनामा होतो. माणूस पडला तर ‘अहवाल यायचाय’.

हा ताप १९५७ साली शिमोग्याच्या कॅसनूर जंगलात सापडला. इबोला त्यानंतर १९ वर्षांनी. त्याच्या लसीला २०१९ मध्ये मान्यतासुद्धा मिळाली, कारण तो विमानात बसून श्रीमंतांच्या देशात पोचला. आमचा गोचीड विमानात बसत नाही, हीच त्याची चूक. काँगोत लस टोचणाऱ्यांवर लोक धावून गेले तेव्हा सगळे त्यांना अडाणी म्हणाले. मला ते लोक आता कळतात. साथ आली की गाड्या येतात, एरवी रस्ता विचारायलाही कोणी येत नाही. निवडणुकीत तेवढे येता, आणि आम्ही गाऱ्हाण्यातल्यासारखं ‘व्हय महाराजा’ म्हणत राहतो.

तरी मागतो. जुनी लस का बंद केली ते मराठीत, सहीशिक्क्यानिशी ग्रामपंचायतीत लावा. नवी द्याल तेव्हा त्या दिवसाचा रोज द्या. आणि रक्त इथेच तपासा.

साहेब पत्रकांचा गठ्ठा ठेवून गेलेत. कागद जाड आहे. खळ्यात अंथरून त्यावर बी वाळत घातली आहे.

आपला,
दोडामार्गचा एक बागायतदार