कल्पकता भंगारवाला नाकारतो त्या वस्तूंसाठी हवी

रविवारच्या पुरवणीतील ‘टाकाऊतून टिकाऊ’ हा लेख वाचला. त्यातील सगळा भर पाण्याच्या बाटल्यांच्या कुंड्यांवर आहे, हे खटकले. या बाटल्या भंगारवाला वजनावर घेतो आणि त्यांचा पुनर्वापर होतो. खरा प्रश्न तो नाकारतो त्या वस्तूंचा आहे. वेफर्सच्या पाकिटात प्लास्टिक आणि धातूचा मुलामा एकजीव झालेला असतो. ते वेगळे करणे परवडत नाही. फुटक्या कपबश्यांनाही कोणी घेत नाही. आमच्या तुळशीच्या कुंडीत तळाच्या भोकावर कान तुटलेल्या कपाची खापरी आहे. पाणी निथळते, माती वाहून जात नाही. विरलेल्या सिंथेटिक साड्यांच्या पट्ट्यांची वेणी घालून आई पायपुसणी शिवते. त्यातले एक चार पावसाळे दारात टिकले आहे. अशा वस्तूंवर एक लेख जरूर द्यावा.

– एक वाचक, सातारा