फिजिओ मॅडम, तुम्ही आधी माझं वाजवणं बघितलंत

मॅडम, नमस्कार.

मेसेजवर थँक्यू म्हटलं होतं पण तेवढ्याने मन भरलं नाही, म्हणून हे जरा मोठं आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. तुमचं नाव टाकत नाहीये, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण व्हायोलिन आणि माझी व्हायोला (व्हायोलिनसारखीच, जरा मोठी आणि खालच्या सुरांची) वाजवणारी कितीतरी मंडळी मान धरली की पेनकिलर घेऊन रिहर्सल गाठतात, त्यांना कळायला हवं की तुम्ही नेमकं काय केलंत.

माझी मान डावीकडे दुखायची, तिथून कळ खाली पाठीच्या पात्याच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत जायची, संध्याकाळपर्यंत डोकं जड व्हायचं, रात्री कूस बदलताना जाग यायची. तुमच्याकडे येण्याआधी जिथे दाखवलं तिथे एक्सरे काढला, मणक्यात थोडी झीज आहे म्हणाले, गळ्याला पट्टा दिला आणि वाद्य बंद करा म्हणून सांगितलं. किती दिवस बंद, परत सुरू कसं करायचं, काहीच नाही. आता ज्या बाईचा सकाळचा रियाज, दुपारचे क्लास आणि शनिवार-रविवारची ऑर्केस्ट्रा हेच सगळं आयुष्य आहे तिला बंद करा म्हटल्यावर तिने करायचं काय? मी घरी येऊन रडले होते.

तुम्ही फोनवरच म्हणालात, येताना वाद्य घेऊन या. पुण्यात व्हायोलिन म्हटलं की बैठक डोळ्यासमोर येते, मांडी घातलेली, वाद्याचं टोक उजव्या पावलावर टेकलेलं, त्यामुळे वाद्य आपोआप धरलं जातं आणि मान मोकळी राहते. तुमच्याकडे आधी आलेले व्हायोलिनवाले सगळे तसे बसून वाजवणारे होते, आणि उभ्याने हनुवटीखाली धरून वाजवतात त्याचं मला फारसं माहीत नाही, तुम्ही दाखवा, मी बघते, असं तुम्ही सरळ सांगितलंत. त्या एका वाक्यावर माझा तुमच्यावर विश्वास बसला.

मग तुम्ही माझ्या मागे उभ्या राहिलात, दोन्ही पात्यांवर तळहात ठेवलेत आणि वाजवा म्हणालात. सगळ्यात खालच्या सुराच्या तारेवर, सी स्ट्रिंगवर, लांब, सावकाश बो, म्हणजे गज. बो हलायच्या आधीच उजवं पातं कानाकडे चढत होतं, तुमच्या हाताखाली मलाही ते जाणवलं. डावीकडचं तर अजून वेगळं. तिसऱ्या पोझिशनवरून पहिल्या पोझिशनला, म्हणजे वाद्याच्या टोकाकडे, खाली येताना डावा हात वाद्याला अंगापासून लांब ओढतो, ते सटकू नये म्हणून हनुवटी खाली दाबली जाते आणि खांदा वर येऊन तिला भेटतो, चिमट्यासारखं. प्रत्येक शिफ्टला, म्हणजे हात असा सरकवताना, एकदा. एका रिहर्सलमध्ये असे किती शिफ्ट होत असतील! इतक्या वर्षांत हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, तुम्ही हात ठेवून पाच मिनिटांत पकडलंत.

नंतर मला आडवं झोपवून कोपर अंगाला लावलंत आणि हात बाहेरच्या बाजूला फिरवून बघितलात. उजवा सहज गेला, डावा मध्येच अडला. व्हायोला वाजवताना डावं कोपर वाद्याच्या खालून आत आणावं लागतं आणि दंड बाहेर वळवावा लागतो, आणि माझी व्हायोला १६ इंची, म्हणजे व्हायोलिनच्या १४ इंचांपेक्षा हात बराच लांब जातो. सांधा वळला नाही की शरीर दुसरी वाट शोधतं, खांदा पुढे आणि वर जातो, आणि त्याचा सगळा ताण मानेच्या स्नायूंवर पडतो. हात पूर्ण वर नेताना जे १८० अंश होतात त्यातले साधारण १२० खांद्याच्या सांध्यातून आणि ६० पात्याच्या हालचालीतून येतात हे तुम्ही स्वतःचा हात उचलून दाखवलंत, तेव्हा कुठे मला समजलं की मानेला शेक देऊन का भागत नव्हतं.

चिन रेस्टचं, म्हणजे वाद्यावर हनुवटी टेकवायच्या वाटीचं, कोडंही तुमच्यामुळेच सुटलं. जबडा आणि गळपट्टीचं हाड यातलं अंतर तुम्ही टेपने मोजलंत, माझी मान लांब आहे, आणि ती पोकळी भरायला मी वाद्याखालचा, खांद्यावर टेकणारा शोल्डर रेस्ट उंच उंच करत गेले होते. त्याने वाद्यच वर जातं, मग बोचा हातही वर. तुम्ही म्हणालात, वरून भरून बघा ना. वाद्यं दुरुस्त करणाऱ्या काकांकडून उंच चिन रेस्ट बसवून घेतला, तोही टेलपीसच्या (तारा जिथे अडकवतात त्या मधल्या पट्टीच्या) बरोबर वर, म्हणजे मान डावीकडे वळवायला नको. गंमत म्हणजे लुई श्पोर या जर्मन व्हायोलिनवादकाने १८२० च्या सुमाराला चिन रेस्ट काढला तेव्हा तो असाच मधोमध होता, डावीकडे नंतर सरकला. शोल्डर रेस्ट आता जवळजवळ सगळ्यात खालच्या खुणेवर आहे.

व्यायाम तुम्ही मोजकेच दिलेत म्हणून झाले. भिंतीवर हात सरकवणं, थेराबँड (व्यायामाचा रबरी पट्टा) मागे ओढणं, कोपराखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून हात बाहेर फिरवणं, हनुवटी आत घेणं. आणि वीस-पंचवीस मिनिटांनी वाद्य खाली ठेवायचंच, मग सूर कितीही छान लागलेला असो. ऑर्केस्ट्रात नोटेशनचा स्टँड दोघींत एक असतो, माझी मान वाद्याकडे डावीकडे आणि डोळे नोटेशनकडे उजवीकडे, हेही तुम्ही फोटो मागवून बघितलंत आणि खुर्ची थोडी तिरकी करायला सांगितलीत. इतकं कोण करतं हो?

मला राहून राहून जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक यहुदी मेनुहिन आठवतात. १९५२ साली मुंबईत त्यांची आपल्या पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार गुरुजींशी गाठ पडली, पुढे ते वर्षानुवर्षं त्यांच्याकडे योग शिकले, आणि १९५४ मध्ये त्यांनी गुरुजींना जे घड्याळ दिलं त्यावर माझ्या सर्वोत्तम व्हायोलिन शिक्षकाला असं कोरून घेतलं होतं. गुरुजी काही व्हायोलिन शिकवत नव्हते. तुम्हीही नाही, तरी माझा सी स्ट्रिंगचा आवाज तुमच्यामुळे मोठा झालाय, हे माझ्या शेजारी बसणारी स्वतःहून म्हणाली.

पूर्ण बरी झाले असं म्हणणार नाही, पानंच्या पानं ट्रेमोलो (बो एकाच सुरावर भराभर मागेपुढे करणं) असला की रात्री उजवा खांदा बोलतो. पण मान वळते, झोप लागते, पट्टा कपाटात गेला. आणि क्लासला येणाऱ्या मुलांच्या पाठीमागे आता मीही उभी राहते, पात्यांवर हात ठेवून. एका मुलीचं डावं पातं मला बरोबर वाटत नाहीये, तिच्या आईला तुमचा नंबर दिलाय, फोन येईल.

ऑर्केस्ट्राच्या पुढच्या कार्यक्रमाचे दोन पास तुमच्यासाठी बाजूला काढलेत, सरांनाही घेऊन या. आमच्याकडे व्हायोला स्टेजच्या उजव्या कडेला बसतात, तेव्हा उजवीकडच्या खुर्च्या धरा, तिथून माझे खांदे नीट दिसतील.

तुमची,
दुसऱ्या रांगेतली व्हायोला