पहिल्या डोसआधी बाटली भरा

संपादक महोदय,

दिवस भरण्याआधी जन्मलेलं किंवा दीड किलोच्या आतलं बाळ अचानक मलूल झालं, तर डॉक्टर रिपोर्टची वाट न पाहता अँटिबायोटिक सुरू करतात. ते बरोबरच आहे. रक्तात जंतू शिरले असतील तर अशा बाळाचं काही तासांत होत्याचं नव्हतं होतं. माझं म्हणणं त्याआधीच्या पाच मिनिटांबद्दल आहे. ब्लड कल्चरची, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीची, बाटली तेव्हाच भरायला हवी. नागपुरातल्या एका प्रयोगशाळेत मी नोकरीभर याच बाटल्या लावल्या. कितीतरी बाटल्या दोन डोस होऊन गेल्यावर यायच्या. मग निगेटिव्ह रिपोर्टचा अर्थ काय लावायचा? जंतू नव्हतेच, की औषधाने दबले?

रक्तही पुरेसं नसतं. बाटलीत निदान एक मिली हवं, तिथे चार थेंब येतात. बाळाच्या रक्तात जंतू मोजकेच असले तर तेवढ्यात ते सापडत नाहीत. भंडाऱ्याहून, बालाघाटहून आलेली आजी विचारते, "इवलंसं लेकरू, त्याचं रक्त कायले काढता?" तिचा प्रश्न अगदी रास्त आहे. किलोभराच्या बाळाच्या अंगात रक्त असतं जेमतेम ऐंशी-नव्वद मिली. त्यातलं एक मिली कशासाठी लागतं, हे तिला नीट सांगायला कुणी थांबत नाही. आणि त्याच बाळाचं रक्त इतर तपासण्यांसाठी पुन्हा पुन्हा काढलं जातं, त्याचा हिशेब मात्र कुणी ठेवत नाही.

नातेवाइकांचा सगळा जीव सीआरपीच्या, म्हणजे अंगातला दाह दाखवणाऱ्या रक्ततपासणीच्या, आकड्यात अडकलेला असतो. हा आकडा चढायलाच दहा-बारा तास लागतात, त्यामुळे सुरुवातीचा नॉर्मल सीआरपी धीर देण्याच्या कामाचा नाही. शिवाय जंतू कोणता आणि त्याला कोणतं औषध लागू पडेल, हे तो सांगत नाही. क्लेबसिएला, अ‍ॅसिनेटोबॅक्टरसारखे जंतू नेहमीच्या औषधांना जुमानत नाहीत, तेव्हा कल्चरशिवाय अंधारातच औषध बदलत राहावं लागतं.

मे महिन्यातल्या नागपुरात बाळ तापलं की घरचे उन्हाला दोष देतात. नवजात बाळाचा ताप डॉक्टरांना दाखवलाच पाहिजे. पण कमी वजनाचं बाळ जंतुसंसर्गात अनेकदा तापत नाही, उलट गार पडतं, दूध ओढत नाही, मध्येच श्वास थांबवतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायांना अशीच लक्षणं ओळखायला आणि उपचार करायला शिकवलं. घरोघरच्या त्या नवजात सेवेने तिथले नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाल्याचं 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्या गावांत प्रयोगशाळा नव्हती. आपल्या शहरात आहेत, पण रात्री कितीतरी ठिकाणी बाटली घ्यायलाच कुणी नसतं.

रात्री अकराला भरलेली बाटली मग सकाळपर्यंत टेबलावर पडून राहते. कुणी हुशारीने ती फ्रीजमध्ये ठेवतं, ते तर आणखी वाईट. वेळेत मशीनमध्ये लागलेली बाटली जंतू असतील तर बहुतेकदा दीड दिवसाच्या आत इशारा देते. नसतील आणि बाळही सावरलेलं असेल, तर डॉक्टरांना अँटिबायोटिक लवकर थांबवता येतं. उगाच लांबवलेल्या औषधांनी अशा बाळांत बुरशीचा संसर्ग बळावतो, तो पुन्हा वेगळाच घोर.

नवजात अतिदक्षता विभाग चालवणाऱ्या शहरातल्या सगळ्याच रुग्णालयांनी, सरकारी असोत वा खासगी, रात्रपाळीला बाटली लावणारा एक माणूस नेमावा. मशीन वाजलं की ग्राम स्टेन करून, म्हणजे जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहून, वॉर्डात लगेच फोन जावा; छापील रिपोर्ट मागाहून आला तरी चालेल. स्वतःची प्रयोगशाळा नसलेल्यांनी रविवारी आणि सणावारीही नमुना उचलला जाईल, असा लेखी करार करावा.

— एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, महाल, नागपूर