चाळीशी सुटली म्हणालास, म्हणून

सांगली
रविवार, दुपार

प्रिय बाळू,

परवा फोनवर तू एवढ्या खुशीत सांगितलंस, "दत्ता, माझी चाळीशी सुटली मर्दा! चष्म्याशिवाय पेपर वाचतो आता." मी नुसतं हूं हूं केलं आणि फोन ठेवला. तुला वाटलं असेल, जळला. जळलो नाही रे, धसकलो. फोनवरच बोललो असतो तर तू दोन वाक्यांत मला उडवून लावलं असतंस. पत्राला मध्येच "बरं, ठेवतो" म्हणता येत नाही, म्हणून हा कागद.

साठीला टेकलेल्या, तुझ्यासारख्या शुगरवाल्या माणसाची चाळीशी आपसूक सुटत नाही. रक्तात साखर चढली की डोळ्यातलं भिंग फुगतं आणि नंबर सरकतो. जवळचं स्वच्छ दिसायला लागतं, लांबचं धूसर होतं. मोतीबिंदू धरायला लागला तरी काही दिवस अशीच गंमत होते, आणि शुगरवाल्यांना तो इतरांपेक्षा लवकर गाठतो. तुझं नक्की काय ते मी सांगू शकत नाही. पण एसटीचा बोर्ड लांबून वाचता येतो का, ते खरं सांग. नाहीतर वहिनींना विचारीन.

आता माझं ऐक. तुला मी "डोळ्याचं जरा काम होतं" एवढंच सांगितलं होतं. पूर्ण सांगायची लाज वाटली, कारण चूक अर्धी माझीच होती.

अकरा वर्षं शुगर आहे मला. गोळ्या वेळेवर, सकाळी कृष्णेकाठी चालणं, चहा बिनसाखरेचा. भडंग सुटलं नाही, पण ते सोड. गेल्या वर्षी हळदीच्या हंगामात खातेवहीतल्या उभ्या रेघा मला वाकड्या दिसायला लागल्या. मी छापखानेवाल्याला फोन करून झापलं. बिचारा स्वतः पेढीवर आला, पट्टी लावून दाखवली, रेघ सरळ. तरी मी म्हटलं, ऊन लागलं असेल. नंतर चष्म्याच्या दुकानात गेलो, नंबर बदलून घेतला. दोन वर्षांतला तिसरा चष्मा. शेवटून दुसरी ओळ वाचली तर पोरगा म्हणाला, "काका, नजर झकास आहे." तो खोटं बोलला नाही. नंबर काढणं त्याचं काम, ते त्याने केलं.

मग एका सकाळी उजव्या डोळ्यासमोर कोळिष्टकासारखा काळा दोरा लोंबायला लागला. चष्मा पंचाने तीनदा पुसला. दोरा तिथेच. दुपारपर्यंत त्या डोळ्यापुढे चुलीतल्यासारखा धूर. तेव्हा कुठे घाबरून मिरज गाठली.

डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न केला, "याआधी पडदा कधी तपासला होता?"

मी ऐटीत म्हटलं, "सहा महिन्यांपूर्वीच नंबर काढलाय."

"नंबर नाही काका. डोळ्याच्या आतला, मागचा पडदा."

अकरा वर्षांत एकदाही नाही.

हरिपूरचं पेव आठवतं तुला? शाळेत असताना माझ्या मामाकडे आला होतास. वरून नुसती सपाट जमीन, त्यावर आपण विटीदांडू खेळलो आणि खाली शेकडो पोती हळद. पेवाचं तोंड उकरलं, तरी कुणी लगेच आत उतरत नव्हतं. काही तास उघडं ठेवायचं, मग दोराने कंदील सोडायचा. कंदील विझला तर अजून थांबा. २००५ च्या पुरात त्या पेवांत पाणी शिरलं, तेव्हा किती माल गेला ते उघडून बघितल्यावरच कळलं. डोळ्याचं अगदी तसंच करतात बघ. थेंब टाकतात, जरा झोंबतात. अर्धा-पाऊण तास डोळे मिटून बाकावर बसायचं, बाहुली मोठी होते, म्हणजे पेवाचं तोंड उघडलं. मग डॉक्टर डोक्याला दिवा बांधून, हातात भिंग धरून आत उजेड सोडतात. बाहेर बसून अक्षरं वाचून दाखवण्यात हे काहीच दिसत नाही.

माझ्या आत काय होतं ते त्यांनी चित्र काढून दाखवलं. वर्षानुवर्षं साखर जास्त राहिली की पडद्यावरच्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या कमकुवत होतात, त्यांना फोड येतात, त्यातून पाणी आणि चरबी पाझरते. पडद्याच्या मध्यावर पाणी साचलं की सूज येते आणि सरळ रेघ वाकडी दिसते. हा माझा डावा डोळा. छापखानेवाला निर्दोष. पुढच्या पायरीला रक्तपुरवठा तुटतो आणि डोळा घाईघाईने नव्या रक्तवाहिन्या काढतो. त्या इतक्या कच्च्या असतात की आपसूक फुटतात. हा उजवा. आणि यातलं काही दुखत नाही. एक डोळा कमी पडला की दुसरा सांभाळून घेतो, त्यामुळे कळतही नाही. मी आता रोज सकाळी एकेक डोळा हाताने झाकून खिडकीचे गज बघतो. तूही आत्ता, हे वाचता वाचता बघ. सगळं सरळ दिसलं म्हणून खूश होऊ नकोस मात्र, सुरुवातीच्या काळात गज सरळच दिसतात.

उजव्याला लेसर झालं, तीन बैठका. हिरवा लखलखाट, डोक्यात हलकी कळ. डाव्याला इंजेक्शनं. डोळ्यात सुई म्हटल्यावर मी आदल्या रात्री झोपलो नाही. प्रत्यक्षात बधिर करायचे थेंब, पिवळ्या औषधाने सफाई, पापण्या उघड्या ठेवायला चाप, आणि "वर बघा" म्हणेपर्यंत झालंसुद्धा. चापाचाच त्रास जास्त. पण एका इंजेक्शनात भागत नाही, दर महिन्याला जावं लागलं. लेसरने नजर वाढत नाही, हेही ऐकून ठेव. आहे ती टिकावी म्हणून ते करतात. बाहेर बाकावर कितीतरी माणसं कुरकुरत होती की पैसे गेले आणि दिसायचं तेवढंच दिसतंय. माझ्या डावीकडच्या रेघा आता बऱ्याच सरळ झाल्यात. शेकड्याच्या रकान्यात अजून थोडा पोक आहे. रात्रीची गाडी सोडली.

मी हिशेबाचा माणूस, म्हणून बाईंना म्हटलं, आकडा सांगा. त्यांनी ब्रिटनमधल्या एका मोठ्या, वीस वर्षं चाललेल्या अभ्यासाचं सांगितलं. तीन महिन्यांच्या सरासरीची जी तपासणी असते ना, एचबीएवनसी, ती एका टक्क्याने कमी असणाऱ्यांत डोळे-किडनीसारखे बारीक रक्तवाहिन्यांचे त्रास ३७ टक्क्यांनी कमी आढळले. ब्लडप्रेशर आवरल्यानेही डोळा वाचतो. तुझं बीपी मला माहीत आहे, उगाच बोलायला लावू नकोस. आपल्या वयात होणाऱ्या शुगरला पडद्याची पहिली तपासणी निदान झालं त्याच वर्षी हवी, कारण कळायच्या आधी ती कित्येक वर्षं अंगात असते. मग दरवर्षी. तुला आठ वर्षं झाली, हिशेब तूच कर. आणि तुझ्या भाचीला लहानपणापासून इन्शुलिन आहे, आता दिवस गेलेत म्हणालास. तिला पहिल्या तीन महिन्यांतच पडदा दाखवायला सांग. गरोदरपणात हे झपाट्याने वाढू शकतं. यात संकोच करू नकोस, आजच फोन लाव.

मला राग होता तो गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांवर. एवढी वर्षं नाडी बघितली, डोळ्याचं एका शब्दाने बोलले नाहीत, असं मी सगळ्या पेठेत सांगत सुटलो होतो. मग श्रावणात ही जुन्या फायली आवरत होती. तीन वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवर, गोळ्यांच्या खाली, तिरक्या अक्षरात एक शब्द निघाला: फंडस. म्हणजे डोळ्याच्या मागचा पडदा, तो तपासून घ्या. मला आठवलं, तेव्हा वाचून वाटलं होतं, फंडाबिंडाचं काहीतरी असेल, दवाखान्याचं. चिठ्ठीची घडी घालून खिशात टाकली. त्यांनी तोंडाने सांगायला हवं होतं, हे मी अजूनही म्हणतो. पण विचारायला माझंही तोंड होतं.

कराडला तपासून घेतोस तर उत्तम, पण मी तुला ओळखतो, एकटा जाणार नाहीस. तेव्हा येत्या मंगळवारी सकाळच्या एसटीने इकडे ये. मोटारसायकल आणू नकोस, थेंब टाकल्यावर चार-सहा तास जवळचं धड दिसत नाही आणि ऊन डोळ्यांत भाल्यासारखं घुसतं. टोपी आण, शुगरचे रिपोर्ट आण, चालू गोळ्यांची पाकिटं आण. मी स्टँडवर असेन, तिथून मिरजेला जाऊ. ही आंबोळ्या करणार आहे, तुझ्या वाटणीच्या मोजून दोन.

निघायच्या आधी तुझ्या जुन्या चिठ्ठ्या एकदा चाळ. कुठे फंडस लिहिलंय का बघ.

तुझा,
दत्ता